एका मिनिटाचे काम

श्रीगोंदा तालुक्यातल्या एखाद्या गावात, लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी, अंगणवाडीत जरा डोकावून पाहा. दाराशी चपलांचा ढीग असतो. आत कोणी पोर रडत असते, कोणी आईच्या पदराआड लपत असते. उपकेंद्राच्या सिस्टर लशींचा शीतडबा उघडून बसलेल्या असतात, आणि आशाताई यादीतली नावे पुकारत असतात. "गप्प बस, नाहीतर नर्सबाई सुई टोचतील," असा धाक तुम्हीही लहानपणी ऐकला असेल. नर्सबाई म्हणजे सुई, एवढीच ओळख आपल्या मनात पक्की बसलेली असते.

आता जरा थांबून पाहा. खोकणारे एखादे मूल समोर आले, की सिस्टर त्याचे झबले वर करतात, मनगटावरच्या घड्याळाकडे नजर लावतात आणि चक्क एक मिनिट काहीच करत नाहीत. सुई नाही, गोळी नाही, बोलणेही नाही. पाहणाऱ्याला वाटते, बाई विश्रांती घेत आहेत. खरे तर त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम त्या त्याच मिनिटात करत असतात. त्या बाळाचे श्वास मोजत असतात. मोजून झाले की हे मूल घरी जाईल, की त्याला औषध सुरू करायचे, की आत्ताच्या आत्ता श्रीगोंद्याला ग्रामीण रुग्णालयात न्यायचे, हे ठरते.

शंभर वर्षांपूर्वी असा निर्णय परिचारिकेने घ्यावा ही कल्पनाही कोणाला पटली नसती. तो तिच्या हाती कसा आला, याची हकीकत पाहू. पण त्याआधी थोडे गणित केले पाहिजे, कारण लहान मुलांची शुश्रूषा वेगळी का, हे त्या गणितात दडलेले आहे.

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता ४ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ९६, घनफळ ६४. म्हणजे लहान घनाला प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आहे, मोठ्याला फक्त दीड. उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणून उकडलेल्या बटाट्यांतला लहान बटाटा आधी निवतो.

बाळाचेही तसेच आहे. तीन किलो वजनाच्या नवजात अर्भकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते. साठ किलोच्या माणसाचे १.७ च्या आसपास. वजनाने भागून पाहा. दर किलोमागे बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या सुमारे अडीच पट भरते. शिवाय त्वचेखालची चरबी कमी, आणि थंडीने कुडकुडून ऊब निर्माण करण्याची युक्ती त्याला अजून साधत नाही. त्यामुळे जन्मल्या जन्मल्या बाळाला न्हाऊ घालणे, ओले राहू देणे, या गोष्टी दिसतात साध्या. पण दोन किलोच्या बाळाच्या त्या जिवावर बेतू शकतात.

पाण्याचेही असेच आहे. नवजात बाळाच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. पण शरीर लहान म्हणून साठा लहान, आणि खर्चाचे प्रमाण मोठे. मोठ्या माणसाला दिवसभर जुलाब झाले तर तो गळून जातो. तान्ह्याचे डोळे काही तासांतच खोल जातात.

औषधांच्या बाबतीत तर परिचारिकेला पदोपदी त्रैराशिक मांडावे लागते. मोठ्या माणसाला "एक गोळी" म्हटले की भागते. मुलाला औषध वजनावर द्यायचे असते. समजा, पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि मूल ६ किलोचे आहे. मात्रा झाली ९० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिले आहे, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. तर मुलाला किती मिलिलिटर द्यायचे? उत्तर ३.६. पण दुकानात दुप्पट तीव्रतेचेही सरबत मिळते, आणि दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच. चिठ्ठी न वाचता तेच माप ओतले तर मात्रा दुप्पट होते. (हे उदाहरण गणितासाठी आहे, घरी करून पाहण्यासाठी नव्हे.)

सलाइनची गंमत पाहा. नेहमीच्या नळीतून पडणाऱ्या सुमारे २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तान्ह्या मुलाला तासाला जेमतेम वीस-तीस मिलिलिटर द्यायचे असेल, तर इतके मोठे थेंब मोजणे अवघड. म्हणून मुलांसाठी बारीक थेंबांची नळी वापरतात. तिला मायक्रोड्रिप म्हणतात, आणि तिच्या बरोबर ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. साठच का? तासाला ३० मिलिलिटर म्हणजे तासाला १८०० थेंब, म्हणजे मिनिटाला ३०. तासाचे मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब यांचा आकडा एकच येतो. रात्री तीन वाजता, पेंगुळलेल्या डोळ्यांनी वॉर्डात फिरणाऱ्या परिचारिकेला भागाकार करावा लागू नये, याची सोय त्या नळीतच करून ठेवली आहे.

बंद दार आणि उघडे दार

फक्त मुलांसाठी असलेले लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय १८५२ साली अवघ्या १० खाटांनिशी सुरू झाले. त्याचे संस्थापक डॉक्टर चार्ल्स वेस्ट यांनी दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, आजारी मुलांची शुश्रूषा कशी करावी यावर परिचारिकांसाठी एक पुस्तिका लिहिली. मूल आपले दुखणे शब्दांत सांगत नाही, तेव्हा पाहणाऱ्या बाईची नजर तयार हवी, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली उभे राहिले.

त्या काळी पाश्चात्त्य देशांतील बऱ्याच बालरुग्णालयांचा एक नियम आज आपल्याला क्रूर वाटेल. मूल दाखल झाले की आईने बाहेर राहायचे. भेटीची वेळ आठवड्यातून एकदा-दोनदा, तीही थोडाच वेळ. या नियमामागे निव्वळ निष्ठुरता होती असे मात्र समजू नका. प्रतिजैविके अजून आली नव्हती. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांपैकी एकही रोग वॉर्डात शिरला तर खाटांमागून खाटा रिकाम्या होत. माणसे जितकी कमी येतील तितके बरे, असा तो हिशेब होता. शिवाय आई भेटून गेली की मूल रडे, आणि न भेटल्यास काही दिवसांनी गप्प होई. परिचारिकांना वाटे, मूल रुळले.

मूल रुळत नाही, ते आशा सोडते, हे दाखवून दिले जेम्स रॉबर्टसन या निरीक्षकाने. १९५२ साली त्याने रुग्णालयात ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला. पाहून डॉक्टर आणि परिचारिका प्रथम संतापल्या. पण १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट समितीने आईबापांना भेटीची मोकळीक द्यावी, आणि लहान मुलाबरोबर आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. परिचारिकेचे काम तिथून बदलू लागले. मुलाचे सगळे स्वतः करणारी बाई हळूहळू आईकडून ते करवून घेणारी शिक्षिका झाली.

आपल्या सरकारी दवाखान्यांत आई पोराच्या उशाशी बसलेली असतेच. परिचारिकांची संख्या इतकी अपुरी, की ती नसून चालतच नाही. पण एक दार आपल्याकडेही बंद होते, ते म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या कक्षाचे. तिथे बाळ काचेच्या पेटीत, आई बाहेरच्या बाकावर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवले. कांगारूची पिशवीच म्हणा ना! आईच्या त्वचेचे तापमान बाळाला हवे तेवढेच असते, वीज गेली तरी ते बंद पडत नाही, आणि दूधही जवळच.

प्रथम हा गरिबांचा नाइलाज समजला गेला. मग मोजमाप झाले. भारतासह पाच देशांत, दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय धरून, १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर एक मोठा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत आधी बाळाची प्रकृती स्थिरावू द्यायची आणि मग त्याला आईच्या कुशीत द्यायचे. तसे केले तेव्हा पहिल्या २८ दिवसांत १०० पैकी सुमारे १६ बाळे दगावली. जन्मतःच कुशीत दिले तेव्हा १२. यासाठी आयांच्या खाटा नवजात कक्षात आणाव्या लागल्या. दार बंद ठेवण्यासाठी नेमलेल्या परिचारिकेनेच ते उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

शेजारच्या जामखेडात

आता दवाखान्यातून गावाकडे येऊ. श्रीगोंद्याच्या पूर्वेला कर्जत आणि कर्जतच्या पलीकडे जामखेड. तिन्ही तालुके अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे. पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नव्हती. तुमच्या शाळेतल्या चाळीस मुलांच्या वर्गाशी हा आकडा ताडून पाहा : सात जागा रिकाम्या.

आरोळे दांपत्याची पहिली योजना कोणालाही सुचेल अशीच होती. प्रशिक्षित परिचारिका गावोगाव नेमायच्या. ती फसली. शिकून आलेल्या तरुण मुली, गावात एकट्या, परक्या. गावातल्या बायका त्यांच्याकडे मन मोकळे करीनात, आणि त्यांनाही तिथे राहणे नकोसे होई. तेव्हा एका गावच्या सरपंचांनीच सुचवले, की आमच्याच गावची बाई शिकवून तयार करा. मग गावांनी आपापल्या बायका निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत आणि गावी परत जाऊन ते शिकवत.

मग परिचारिकेचे काय झाले? ती गेली नाही. तिचे काम पालटले. ती फिरत्या पथकाबरोबर गावात येऊ लागली. गावच्या आरोग्य सेविकेला जे जमले नाही ते पाहायचे, तिच्या शंका फेडायच्या, आणि गावकऱ्यांसमोर तिचा मान राखायचा. आपण शिकलो ते दुसरीला देऊन टाकणे सोपे नसते. ज्ञानाबरोबर अधिकारही द्यावा लागतो, आणि तो सोडताना डॉक्टरांपासून परिचारिकांपर्यंत सगळ्यांचाच हात जरा आखडतो. जामखेडला तो आखडला नाही. १९९० च्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी तिसाच्या आत आला होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारी पातळीवरही याच सुमारास बदल होत होते. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सहायक परिचारिकेला बहुउद्देशीय कार्यकर्ती करावे असे सुचवले. प्रसूती, लसीकरण, कुटुंबनियोजन, नोंदवह्या अशी सगळी कामे एका बाईच्या माथी आली. उद्देश चांगला होता. पण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र हे गणित कागदावर जितके सुटसुटीत दिसते तितके ते पायी चालताना राहत नाही. १९७५ साली अंगणवाड्या आल्या, २००५ नंतर आशा आल्या, तेव्हा कुठे हा भार थोडा वाटला गेला.

श्वासांचा आकडा

आता त्या एका मिनिटाकडे वळू.

मुलांच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, की वायुकोशांत पाणी आणि पू साचतो. फुप्फुस ताठर होते. प्राणवायू रक्तात कमी पोचतो. मोठा माणूस अशा वेळी खोल श्वास ओढू शकतो. बाळाच्या बरगड्या मऊ आणि आडव्या असल्याने त्याला ते फारसे साधत नाही. त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो, भराभर श्वास घेणे. ताठरपणा वाढला की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. आपल्या आज्या याला "डबा" म्हणत, आणि त्यांचे निरीक्षण अचूक होते. उपाय मात्र पुष्कळदा पोटावर डाग देण्याचा, म्हणजे भलताच.

पूर्वी न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे स्टेथोस्कोप हवा, क्षकिरण यंत्र हवे. पापुआ न्यू गिनी या डोंगराळ देशात फ्रँक शॅन या डॉक्टराने नि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले, की खोकणाऱ्या मुलाचे श्वास नुसते मोजले तरी न्यूमोनिया पुष्कळ खात्रीने ओळखता येतो. १९८८ मध्ये आपल्या वेल्लोरच्या डॉक्टरांनी वयाप्रमाणे आकडे तपासून पाहिले. आज जगभर वापरतात ती मर्यादा अशी : दोन महिन्यांच्या आतील बाळ, मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे, ४० किंवा अधिक. खोकणाऱ्या मुलाचे श्वास इतके भरले तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाला खोकला नसला तरी ६० हा धोक्याचाच आकडा.

या शोधाने काय झाले, ते नीट ध्यानात घ्या. जे यंत्राशिवाय कळत नव्हते ते घड्याळावर कळू लागले. जिला घड्याळ वाचता येते, ती निदान करू शकते! आणि जिला घड्याळही वाचता येत नाही ती? गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि डॉक्टर राणी बंग यांनी तिच्यासाठीही युक्ती काढली. एका फळीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापुढे न मोजणाऱ्या सुईणींना हे जमले.

पुढे बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावच्या बायकांना जन्मलेल्या बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, उबदार पिशवीत गुंडाळणे, श्वास अडलेल्या बाळाला हवा देणे आणि जंतुदोष झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही शिकवले. कमी शिकलेल्या बायकांच्या हाती सुई द्यावी का, यावर डॉक्टरांत मोठा वाद झाला. वादाला उत्तर मोजून द्यावे लागते. ३९ गावांत हे काम झाले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले.

२०११ मध्ये ही पद्धत, इंजेक्शन वगळून, देशभरासाठी स्वीकारली गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत नवजात बाळाला जेंटामायसिन देण्याची परवानगी उपकेंद्राच्या परिचारिकांना मिळाली. ज्या निर्णयासाठी एके काळी मूल तालुक्यापर्यंत न्यावे लागे, आणि वाटेतच ते हाती लागत नसे, तो निर्णय आता अंगणवाडीच्या सतरंजीवर घेता येतो.

श्रीगोंद्यासारख्या उसाच्या तालुक्यात या कामाला आणखी एक कंगोरा आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतली तान्ही मुले गावच्या यादीत नसतात. थंडी, धूर, पहाटेपासून फडात राबणारी आई, म्हणजे न्यूमोनियाला हवे ते सगळे. यादीत नसलेले मूल शोधून त्याचे कार्ड पाहणे, कोणती लस राहिली ते काढणे, हे सिस्टर आणि आशाताई यांनाच करावे लागते. आशाताई सरकारी नोकर नाहीत. स्वयंसेविका म्हणवल्या जातात, त्यांना मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. इतक्या जोखमीच्या कामाला ही व्यवस्था पुरेशी आहे, असे या लेखकाला वाटत नाही.

तुम्ही करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी लहान बाळ असेल तर त्याच्या आईला विचारून हे करा. बाळ झोपलेले किंवा शांत हवे. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. झबले थोडे वर करून पोटाकडे पाहा. पोट वर आले आणि खाली गेले, की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळस करू नका, कारण मोजताना झालेली एका श्वासाची चूक गुणाकारात चार श्वासांची होते. शिवाय तान्ही बाळे मध्येच काही क्षण थांबून मग भराभर श्वास घेतात. थोडाच वेळ मोजले तर नेमका तोच तुकडा हाती लागायचा.

बाळाचा आकडा, त्याचे वय आणि तुमचा स्वतःचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहा. वर्गातील दहा-बारा जणांनी असे केले तर वय आणि श्वास यांचा छानसा आलेख निघेल. एखाद्या बाळाचा आकडा वर सांगितलेल्या मर्यादेइतका किंवा त्याहून अधिक आला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. पुन्हा तसाच आला, तर आलेख राहू द्या आणि बाळाच्या आईला बरोबर घेऊन आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात सिस्टरांकडे जा. छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ दूध पीत नसेल, तर पुन्हा मोजण्यासाठीही थांबू नका, लगेच निघा. जाताना वही न्या. त्यातला आकडा आणि मोजल्याची वेळ त्यांना उपयोगी पडेल.